मृतदेह जपणं आणि लोकांपुढे ठेवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेच्या पेटीत निजलेला माणूस पाहिला की कुणी पेटीला नाक लावून बघत राहतं, कुणी दोन पावलं मागे सरतं. घरी गेल्यावर दोघांनाही प्रश्न पडतात, आणि ते बहुतेक वेळा तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना मी माझं मत झाकून ठेवलेलं नाही. मला आधी एवढंच बघावंसं वाटतं, की समोर ठेवलेला माणूस कुणाचा आहे आणि त्याला इथे ठेवायला होकार कुणी दिला.

मृतदेह मुळात टिकतो कसा?

जीव गेला की शरीर आतूनच मोडायला लागतं. पेशींमधले पाचकरस पेशींनाच खाऊ लागतात, मग आतड्यातले जिवाणू कामाला लागतात. या सगळ्याला पाणी लागतं, ऊब लागते. तेवढं काढून घेतलं की देह टिकतो. वाळवंटात पाणी नसतं, हिमनदीत ऊब नसते. उत्तर युरोपातल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, दलदलीत प्राणवायू नसतो आणि पाणी आम्लधर्मी असतं, त्यामुळे तिथे कातडी चामड्यासारखी कमावली जाते आणि हाडं मात्र मऊ पडत जातात. माणसाने पुढे हेच हाताने केलं. इजिप्तमध्ये नॅट्रॉन नावाच्या क्षाराने अंगातला ओलावा ओढून घेत. आज रक्तवाहिन्यांमधून फॉर्मालिन सोडतात. त्याने प्रथिनं अशी बांधली जातात की जिवाणूंना खायला काही उरत नाही.

निसर्गाने किती टिकवावं? १९५० च्या मे महिन्यात डेन्मार्कमध्ये सिल्केबोर्गजवळ पीट कापणाऱ्यांना एक माणूस सापडला. नुकताच कुणीतरी खून केलाय असं वाटून त्यांनी पोलिसांना बोलावलं. तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वी गेलेला होता. डोळे मिटलेले, ओठ हलकेच आवळलेले, कपाळावर आठ्या, डोक्याला कातड्याची टोपी, हनुवटीवर दाढीची खुंटं. झोपलाय असंच वाटावं. मग नजर खाली जाते आणि गळ्याभोवतीचा चामड्याचा वेणीदार फास दिसतो. तो 'टोलुंड मॅन' म्हणून ओळखला जातो. आज संग्रहालयात दिसतं त्यातलं डोकं मूळचं आहे. धड बरंचसं पुन्हा घडवलेलं आहे, कारण त्या काळी फक्त डोकं टिकवलं गेलं.

'ममी' हा शब्द कुठला?

फारसीत मेणाला 'मूम' म्हणतात. मोमबत्तीतला 'मोम' तोच. त्यावरून डांबरासारख्या एका औषधी पदार्थाला 'मूमिया' नाव पडलं. इजिप्तच्या देहांवरची काळी राळ त्या पदार्थासारखी दिसायची, म्हणून देहालाच ते नाव चिकटलं.

या नावाच्या गोंधळाने फार वाईट घडवलं. मूमिया औषधी, म्हणजे ममीही औषधी, असं युरोपात मानलं गेलं आणि शतकानुशतकं औषधविक्रेते माणसांच्या देहांची पूड विकत राहिले. लोक ती खात. चित्रकार 'ममी ब्राउन' नावाचा तपकिरी रंग वापरत, त्यातही तेच कुटलेलं असे. १८३० च्या दशकात लंडनमध्ये थॉमस पेटिग्रू हे शल्यचिकित्सक तिकीट लावून ममींवरच्या पट्ट्या सोडवून दाखवत, आणि सभागृह भरून जाई.

आता काही ब्रिटिश संग्रहालयं 'ममी' म्हणणं टाळतात आणि 'ममीरूपात जतन झालेली व्यक्ती' असं लिहितात. शब्द जड आहे खरा. पण ज्या शब्दामागे पूड आणि रंग उभे आहेत, तिथे 'व्यक्ती' हे चार वेळा लिहावं लागलं तर लिहावं.

ममी करण्याची सुरुवात इजिप्तने केली ना?

नाही. चिलीच्या उत्तर टोकाला आणि पेरूच्या दक्षिणेला, समुद्रकाठी, चिंचोरो नावाचे मासेमारी करणारे लोक राहत. त्यांनी सुमारे ७,००० वर्षांपूर्वी आपली माणसं जपायला सुरुवात केली. म्हणजे इजिप्तच्या आधी जवळजवळ दोन हजार वर्षं. या वसाहती आणि दफनस्थळं २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

त्यांची रीत वाचताना माझे हात थांबतात. कातडी सोडवायची, मांस काढायचं, हाडांना काठ्या आणि लव्हाळ्यांचा आधार द्यायचा, मातीने अंग पुन्हा भरायचं, कातडी परत चढवायची, माणसाच्याच केसांचा टोप बसवायचा आणि चेहऱ्यावर मातीचा मुखवटा घालून मँगनीजने काळा रंग द्यायचा. पुढच्या काळात लाल गेरू आला. काही देहांवर रंगाचे थर एकावर एक आहेत, डागडुजीच्या खुणा आहेत. तयार करून लगेच पुरून टाकलेल्या देहाची कुणी डागडुजी करत नाही. म्हणजे ही माणसं काही काळ तरी जिवंतांमध्येच असावीत.

आणि यात राजे नाहीत. मुलं आहेत, तान्ही बाळं आहेत, जन्माला न आलेले गर्भही आहेत. तिथल्या कामारोनेस खोऱ्यातल्या पाण्यात आर्सेनिक भरपूर आहे. त्यामुळे गर्भपात आणि बालमृत्यू वाढले असावेत आणि हे जतन करणं त्या दुःखातून सुरू झालं असावं, असं काही संशोधक मांडतात. सिद्ध झालेलं नाही. पण सर्वांत जुन्या ममींमध्ये इतकी लेकरं असावीत, हे मला इजिप्तच्या सगळ्या सोन्याहून जास्त सांगून जातं.

इजिप्तच्या ममी तर पाहण्यासाठीच होत्या ना?

मुळीच नाही. त्या कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून एवढा खटाटोप होता. सत्तर दिवसांचा विधी, मेंदू नाकावाटे काढलेला, फुफ्फुसं, यकृत, जठर आणि आतडी वेगळ्या पात्रांत, हृदय मात्र जागच्या जागी. मग कापडाच्या पट्ट्या, शवपेटीत शवपेटी, आणि शेवटी दार चिणून बंद.

खुद्द इजिप्तमध्येही याबद्दल एकमत राहिलेलं नाही. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी कैरोच्या संग्रहालयातलं राजांच्या ममींचं दालन बंद करायला लावलं. आपल्या राजांकडे परक्यांनी टक लावून बघणं त्यांना पटत नव्हतं. १९९४ मध्ये ते नव्या मांडणीसह पुन्हा उघडलं. ३ एप्रिल २०२१ ला अठरा राजे आणि चार राण्या अशा बावीस ममी मिरवणुकीने कैरोतूनच नव्या संग्रहालयात नेल्या गेल्या. घोडे होते, रथासारख्या सजवलेल्या गाड्या होत्या, तोफांची सलामी होती. तिथे आज त्या मंद उजेडात, थडग्यासारख्या दालनांत ठेवल्या आहेत.

दाखवण्याच्या बाजूने एक म्हणणं मला वजनदार वाटतं, कारण ते प्राचीन इजिप्तच्या लोकांच्याच श्रद्धेतून येतं. मेलेल्याचं नाव घेतलं जात राहिलं तर तो जगतो, असं ते मानत. रामसेसचं नाव आज जगभरची शाळकरी मुलं घेतात. पण नाव घेण्यासाठी उघडा चेहरा बघावा लागतो का, हा प्रश्न उरतोच.

आपल्या मृतांना घरात ठेवणारे लोक खरंच आहेत?

आहेत, आणि त्यांना 'विचित्र' म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या डोंगरात तोराजा लोक राहतात. घरातलं कुणी गेलं तरी मोठा अंत्यविधी होईपर्यंत तो 'माकुला', म्हणजे आजारी, समजला जातो. अंत्यविधीचा खर्च अफाट असतो. तो उभा करायला, दूरच्या नातलगांना जमवायला महिने जातात, कधी वर्षंही. तोवर आई घरातच असते. तिच्यापुढे जेवण ठेवतात, येता-जाता तिला सांगून जातात. दफनानंतरही काही गावांत 'मानेने' विधी होतो. देह बाहेर काढून स्वच्छ करतात, नवे कपडे घालतात, शेजारी बसून फोटो काढतात. ज्या नातवाने आजोबांना जिवंत पाहिलंच नाही, तो त्यांच्या अंगातला कोट नीट करतो.

मादागास्करमध्ये 'फामादिहाना' असतो. काही वर्षांनी पूर्वजांची हाडं काढून त्यांना नवं रेशमी कापड गुंडाळतात, खांद्यावर घेऊन नाचतात, घरातल्या बातम्या सांगतात.

पेरूत इंका राजे मेल्यावरही राजेच राहत. त्यांची जमीन, नोकर, इस्टेट त्यांच्या नावावर. सणाच्या दिवशी कुस्कोच्या चौकात त्यांना रांगेने बसवत आणि त्यांच्यासमोर मक्याच्या मद्याचा नैवेद्य असे. हे देह लोकांना किती बांधून ठेवतात ते स्पॅनिश अधिकाऱ्यांना पुरतं कळलं होतं. म्हणूनच १५५९ मध्ये पोलो दे ओन्देगार्दो याने ते शोधून जप्त केले.

या तिन्ही ठिकाणी देह लोकांपुढे येतो. पण बघणारे त्याचेच असतात. पर्यटक कॅमेरा घेऊन त्या घोळक्यात शिरला की प्रसंग बदलतो. तोराजा कुटुंबं पाहुण्यांना सहसा हाकलत नाहीत. त्यांच्या चांगुलपणाचा आपण किती फायदा घ्यायचा, ते आपण ठरवायचं.

देहदहन करणाऱ्या समाजांत हा प्रश्नच येत नाही, बरोबर?

येतो, फक्त आकाराने लहान होऊन. बुद्धाचं दहन झालं आणि अस्थिधातू (बौद्ध परंपरेत 'धातू' म्हणजे पूज्य अवशेष) वाटले गेले, त्यांवर स्तूप उभे राहिले. श्रीलंकेत कँडीला दंतधातू आहे. रोजच्या दर्शनाला जाणाऱ्यांना तो दिसत नाही, एकात एक ठेवलेल्या करंडकांतला बाहेरचाच दिसतो. दडवून ठेवणं हीच तिथली मांडणी आहे.

उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवाचं उदाहरण अगदी ताजं. १८९८ मध्ये तिथला स्तूप खणताना अस्थी आणि त्यांच्यासोबत वाहिलेली शेकडो रत्नं निघाली. अस्थी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाला दिल्या गेल्या. रत्नांचा काही भाग खणणाऱ्याच्या घराण्यात राहिला आणि २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाला. अस्थींसोबत वाहिलेलं रत्न हा दागिना नव्हे, तोही धातूच, असं बौद्धांचं म्हणणं होतं. भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये रत्नं भारतात परतली.

संतांचे आणि नेत्यांचे देह वर्षानुवर्षं दर्शनाला ठेवतात, ते वेगळं का वाटतं?

कारण तिथे आपण प्रेक्षक म्हणून जात नाही. गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन साधारण दर दहा वर्षांनी होतं. शेवटचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झालं. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आला. त्यांचा उजवा हात १६१४ मध्ये रोमला नेला गेला. रांगेतला माणूस काहीतरी मागायला किंवा आभार मानायला आलेला असतो. 'शवप्रदर्शन' हा शब्द रोखठोक आहे, पण तिथे चालतं ते दर्शन.

जपानच्या यामागाता भागातले काही भिक्षू तर त्याही पुढे गेले. वर्षानुवर्षं धान्य सोडून, साली आणि मुळं खाऊन त्यांनी जिवंतपणीच देह झिजवत नेला, म्हणजे मागे तो टिकावा. त्यांना 'सोकुशिनबुत्सु' म्हणतात. ते आज मंदिरात वस्त्रं लेवून बसलेले दिसतात. त्यांचा होकार शोधावा लागत नाही.

नेत्यांचं मात्र मला पटत नाही. लेनिन २१ जानेवारी १९२४ ला गेला. त्याची पत्नी क्रुप्स्काया हिने त्याची स्मारकं उभारू नका अशी जाहीर विनंती केली. ती कुणी ऐकली नाही. आजही ठरावीक काळाने त्याचा देह ग्लिसरीन आणि पोटॅशियम ॲसिटेटच्या द्रावणात ठेवून पुन्हा मांडला जातो. हो ची मिन्हने दहन करा असं लिहून ठेवलं होतं. माओने १९५६ मध्ये दहनाच्या प्रस्तावावर सही केली होती. दोघेही काचेखाली आहेत. आयुष्यभर ज्यांचा शब्द झेलला, त्यांचा स्वतःच्या देहाबद्दलचा शेवटचा शब्द मात्र अनुयायांनी मोडला. अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी एव्हा पेरॉन हिचा देह तर तिचे विरोधक सत्तेवर आल्यावर पळवला गेला, मिलानमध्ये दुसऱ्याच नावाने पुरला गेला आणि १९७० च्या दशकात कुठे मायदेशी परतला. सत्तेला देह लागतो तो असा.

पण मेलेल्याला काय फरक पडतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा मनापासून विचारतो. लंडनमधले दोन देह शेजारी ठेवून पाहू.

जेरेमी बेंथम हा तत्त्वज्ञ ६ जून १८३२ ला वारला. त्या काळी इंग्लंडमध्ये विच्छेदनासाठी कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचेच देह मिळत, त्यामुळे विच्छेदन म्हणजे शिक्षा अशी लोकांची समजूत होती. ती मोडायला बेंथमने आपला देह मृत्युपत्रात देऊन टाकला. आधी विच्छेदन करा, मग सांगाड्याला माझेच कपडे घालून खुर्चीत बसवा. तसंच झालं. डोकं वाळवताना बिघडलं म्हणून मेणाचं बसवलं. तो आजही युनिव्हर्सिटी कॉलेजात हातात काठी घेऊन बसलेला आहे.

चार्ल्स बर्न हा आयरिश तरुण जवळपास साडेसात फूट उंच होता. लोक पैसे देऊन त्याला बघायला येत. १७८३ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो गेला. शरीरशास्त्रज्ञ आपल्या देहावर टपलेत हे त्याला माहीत होतं, म्हणून मला समुद्रात पुरा असं त्याने मित्रांना सांगून ठेवलं. जॉन हंटर या शल्यचिकित्सकाने तरीही देह मिळवला, उकळून हाडं वेगळी केली. दोनशेहून जास्त वर्षं तो सांगाडा कपाटात उभा होता. जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने तो पुन्हा मांडणार नाही असं जाहीर केलं. संशोधनासाठी मात्र ठेवून घेतला. समुद्र अजून मिळालेला नाही.

विज्ञानाची बाजूही सांगायला हवी. २०११ मध्ये त्याच्या दातातून काढलेल्या डीएनएने त्याच्या उंचीमागचा जनुकीय दोष सापडला, आणि तोच दोष आजही उत्तर आयर्लंडमधल्या काही कुटुंबांत आहे असं कळलं. त्यांना त्याचा उपयोग आहे. पण त्यासाठी दोनशे वर्षं कपाटात उभं करण्याची गरज नव्हती.

मेलेल्याला कळत नाही, मान्य. जिवंत बर्नला कळत होतं. शेवटचे दिवस त्याने त्याच भीतीत काढले. आपण मेलेल्यांना दिलेला शब्द पाळतो तो जिवंतांना मरताना भरवसा असावा म्हणून.

संग्रहालयं अवशेष परत का देत आहेत?

कारण त्यातले कितीतरी चोरलेले आहेत. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

सारा बार्टमन ही दक्षिण आफ्रिकेची खोइखोइ स्त्री. १८१० मध्ये तिला लंडनला नेऊन तिच्या अंगाचा खेळ मांडला गेला. १८१५ च्या अखेरीस ती पॅरिसमध्ये वारली, आणि कुविए या निसर्गशास्त्रज्ञाने तिचं विच्छेदन केलं. सांगाडा, मेंदू, गुप्तांगं आणि देहाचा साचा असं सगळं ठेवून घेतलं गेलं, आणि त्यातलं काही १९७० च्या दशकापर्यंत लोकांना बघायला होतं. १९९४ मध्ये नेल्सन मंडेला यांनी तिला परत मागितलं. त्यासाठी फ्रान्सला स्वतंत्र कायदा करावा लागला. ९ ऑगस्ट २००२ ला तिला गामतूस नदीच्या खोऱ्यात पुरलं.

टास्मानियाच्या त्रुगानिनीने माझी चिरफाड करू नका म्हणून विनवलं होतं. १८७६ मध्ये ती गेली आणि दोन वर्षांनी तिला उकरून काढलं. १९०४ ते १९४७ तिचा सांगाडा मांडलेला होता. १९७६ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूला शंभर वर्षं झाल्यावर, तिची राख समुद्रात सोडण्यात आली.

१८५७ च्या उठावातला हवालदार आलम बेग याला १८५८ मध्ये सियालकोटला तोफेच्या तोंडी दिलं. त्याची कवटी एका अधिकाऱ्याने इंग्लंडला नेली. १९६३ मध्ये ती केंट परगण्यातल्या एका पबमध्ये सापडली, आणि डोळ्याच्या खोबणीत खोचलेल्या चिठ्ठीवर त्याचं नाव होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये एका नागा माणसाची कवटी लिलावाला निघाली होती. नागालँडमधून आवाज उठल्यावर ती मागे घेतली.

न्यूझीलंडच्या माओरींनी या बाबतीत सगळ्यांना वाट दाखवली. त्यांच्यात पूर्वजांची गोंदलेली मस्तकं जपण्याची रीत होती. युरोपीय व्यापाऱ्यांनी बंदुका देऊन ती विकत घ्यायला सुरुवात केली, आणि मागणी पुरवायला माणसं मारली जाऊ लागली. आज 'ते पपा' हे राष्ट्रीय संग्रहालय जगभरातून ती परत आणतं. २०१२ मध्ये एकट्या फ्रान्समधून वीस आली. ती मांडली जात नाहीत.

प्रयोगशाळेतला सांगाडा खरा असतो का?

जुना असेल तर बहुधा खरा. आणि पश्चिमेकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले अनेक सांगाडे भारतातून गेलेले. दीर्घकाळ हा मोठा निर्यातव्यापार होता. १९८५ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

शिकत असताना माझ्या हातात अशी एक कवटी आली होती. जबडा तारेने बांधलेला, कपाळावर काळ्या शाईने आकडा. अक्कलदाढ हाडातून अर्धीच वर आलेली होती. सरांनी ती वय ओळखायची खूण म्हणून दाखवली आणि पुढे गेले. मी तिथेच अडकून राहिले. वीस-एकवीस वर्षांचं कुणीतरी. माझ्याच वयाचं. तिला नाव होतं, आणि आम्ही तिला आकड्याने हाक मारत होतो.

प्लास्टिनेशनची प्रदर्शनं योग्य की अयोग्य?

तंत्र आधी समजून घ्या. देह फॉर्मालिनमध्ये स्थिर करतात, ॲसिटोनने पाणी आणि चरबी काढतात, मग निर्वातात ॲसिटोन उडवून त्याच्या जागी सिलिकॉन शिरवतात. जर्मनीच्या गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये हे शोधलं. पहिलं प्रदर्शन १९९५ मध्ये टोकियोत झालं. वास नाही, ओलावा नाही, आणि प्रत्येक स्नायू दिसतो. धूम्रपानाने काळं पडलेलं फुफ्फुस एकदा डोळ्यांनी पाहिलं की दहा व्याख्यानांचं काम होतं, हे खरंच आहे.

प्रश्न देह कुठून आले याचा. फॉन हागेन्स यांच्याकडे देहदात्यांची नोंदणी आहे. त्यांची नक्कल करणाऱ्या काही प्रदर्शनांत चीनमधले बेवारस देह होते, आणि त्यात कैदी नव्हतेच असं आयोजकांना ठामपणे सांगता आलं नाही. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी अशा एका प्रदर्शनाला तसं दारावर लिहायला लावलं. २००९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने एक प्रदर्शन बंदच केलं. ज्याने सही करून देह दिला, त्याला बुद्धिबळ खेळताना मांडलेलंही मी बघेन. बेवारस माणसाला मात्र 'नाही' म्हणायची संधीच मिळालेली नसते.

किती जुना देह असेल तर दाखवायला हरकत नाही?

कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते. इंग्लंडच्या २००४ च्या मानवी ऊती कायद्याने ती साधारण शंभर वर्षांवर मारली. त्याहून अलीकडचा देह मांडायचा तर त्या व्यक्तीची संमती हवी. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने आदिवासी जमातींना त्यांचे पूर्वज परत मागण्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२४ पासून मांडण्याआधी त्यांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने तर ऑक्टोबर २०२३ मध्येच सगळे मानवी अवशेष दालनांतून काढायचं जाहीर केलं.

माझ्या मते वर्षं मोजून हे सुटत नाही. १९९९ मध्ये अर्जेंटिनात युयायाको ज्वालामुखीच्या शिखरावर, ६,७३९ मीटर उंचीवर, इंकांनी बळी दिलेली तीन मुलं सापडली. पाचशे वर्षं गोठलेली. थोरली तेरा-एक वर्षांची, मांडी घालून, मान पुढे झुकवून बसलेली, केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या. केसांच्या तपासणीतून कळलं की शेवटच्या वर्षात तिला चांगलंचुंगलं खायला घातलं जात होतं आणि कोका व दारूचं प्रमाण वाढत गेलं होतं. सालता शहरातलं संग्रहालय एका वेळी एकाच मुलाला मांडतं, बाकी दोघं अंधारात गोठवलेली असतात. तिथल्या काही आदिवासींना तेही मान्य नाही. पाचशे वर्षं झाली म्हणून ती पोर कुणाची पोर राहत नाही असं होत नाही.

सीटी स्कॅन असताना खरा देह मांडायची गरजच काय?

अभ्यासासाठी गरज झपाट्याने कमी होते आहे. पहिला आमेनहोतेप या राजाची ममी फुलांच्या माळांसकट इतकी सुंदर बांधलेली आहे की आधुनिक काळात ती कुणीच सोडली नव्हती. २०२१ मध्ये पट्टीला हात न लावता स्कॅनमधून त्याचं वय, दात, अंगावरचे ताईत सगळं दिसलं. पेटिग्रूच्या तिकिटापासून इथवर दोनशे वर्षंही लागली नाहीत.

झाकून ठेवलं तर चालेल?

मँचेस्टर संग्रहालयाने २००८ मध्ये करून पाहिलं. तीन ममींवर कापड घातलं, तर लोकांनीच तक्रारींचा पाऊस पाडला आणि कापड काढावं लागलं. त्याहून मला इटलीतल्या बोल्झानोची पद्धत आवडते. १९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेला, ५,३०० वर्षांपूर्वीचा ओत्झी तिथे उणे ६ अंशांवर ठेवला आहे. त्याला बघायला एक छोटीशी खिडकी आहे. तिच्याशी जाऊन मुद्दाम वाकावं लागतं. ज्याला बघायचं नाही, तो त्याची कुऱ्हाड आणि बूट बघून पुढे जाऊ शकतो.

लहान मुलांना न्यावं का?

न्यावं, आधी सांगून. मुलं मृत्यूला घाबरत नाहीत तितकी मोठ्यांच्या गप्प बसण्याला घाबरतात. 'हा कोण होता?' असं विचारलं तर खरं सांगा. आत यायचं नाही म्हणाली तर ओढू नका.

फोटो काढावा का?

मी काढत नाही. ज्याचे नातलग स्वतः बोलावून काढायला सांगतात, तो अपवाद.

अवशेषाचं नावच माहीत नसेल, तर पाटीवर काय लिहावं?

जे माहीत आहे ते सगळं. कुठे सापडला, कुणी उचलला, कुणाला विचारून किंवा न विचारता. पाट्यांवर देहाची लांबी असते, कालखंड असतो, देणगीदाराचं नाव ठळक असतं. आणलं कसं, ती ओळ गाळलेली असते. ती आधी लिहावी. माझ्या हातातल्या त्या कवटीसाठी लिहायला सांगितलं, तर मी लिहीन: 'वय सुमारे वीस. नाव विचारलं गेलं नाही.'